बाहेरच्या बाकावर बसलेली आई

सिग्नलवर फुगे विकणारी, मंदिराच्या पायरीवर हात पसरणारी, आठवडी बाजारात एकटी सापडणारी मुलं यांच्यावरून नागपुरात दर काही महिन्यांनी तोच वाद नव्याने पेटतो. मोहीम निघते, मुलं ताब्यात घेतली जातात, वर्तमानपत्रात फोटो येतो आणि लगेच दोन तट पडतात. एक तट म्हणतो, बालसंरक्षण यंत्रणेला पैसा द्या, माणसं द्या, अधिकार द्या. असल्या आई-बापांच्या तावडीतून लेकरं सोडवलीच पाहिजेत. दुसरा म्हणतो, ही यंत्रणा गरिबांचीच मुलं उचलते, बालगृहं चालवणाऱ्या संस्थांची अनुदानं चालू राहावीत म्हणून तिथल्या खाटा भरते. तिला एक रुपयाही जास्त देऊ नका. गेल्या वर्षभरात मी अशा तीन चर्चांना बसले. तिन्ही ठिकाणी पैसा किती, यावर आवाज चढले. तो पैसा कशावर खर्च होतो आणि त्यामुळे बाल कल्याण समितीच्या दाराबाहेर बसलेल्या आईच्या वाट्याला काय येतं, हे मात्र कुणी विचारलं नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. बालसंरक्षणाला आजच्यापेक्षा कितीतरी जास्त पैसा हवा. पण त्यातला पहिला वाटा खाटांवर, इमारतींवर, मोहिमांवर जाता कामा नये. तो चौकशीवर खर्च व्हावा, आणि चौकशीखाली आलेल्या आई-बापांचं म्हणणं पहिल्याच दिवशी कुणीतरी जाणकाराने मांडावं यासाठी खर्च व्हावा. हा पालकांवर केलेला उपकार ठरत नाही. मुलाबद्दल खरं काय ते कळण्याचा दुसरा रस्ताच नाही, आणि खरं कळल्याशिवाय मुलाचं रक्षण कसं करणार?

आधी कामकाज कसं चालतं ते बघू, कारण चर्चेत बोलणाऱ्या निम्म्या लोकांना ते ठाऊक नसतं. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाप्रमाणे 'काळजी व संरक्षणाची गरज असलेलं' मूल सापडलं की प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत त्याला बाल कल्याण समितीपुढे हजर करावं लागतं. समितीत एक अध्यक्ष आणि चार सदस्य. अधिकार मात्र प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे. सामाजिक तपासणी अहवाल १५ दिवसांत यावा, अंतिम आदेश चार महिन्यांत व्हावा, असं कायदा सांगतो. तोवर मूल बहुधा बालगृहात. आता गरज असलेलं मूल कोणतं, याची व्याख्या वाचा. ज्याला घर नाही ते, भीक मागताना सापडलेलं, कामाला लावलेलं, ज्याचे आई-बाप सांभाळायला असमर्थ आहेत ते, आणि ज्याला सांभाळणाऱ्यानेच मारलं, छळलं, वापरलं तेही. यातलं एकही वाक्य वाईट हेतूने लिहिलेलं नाही. पण लेकराला चटके देणारा बाप आणि लेकराला कडेवर घेऊन फुगे विकणारी आई एकाच दारातून आत येतात. आत आल्यावर त्यांना वेगळं करायचं काम तपासणी अहवालाचं. सगळा भार त्या चार-पाच पानांवर.

ती पानं कशी लिहिली जातात हे मी जवळून पाहिलं आहे. समाजकार्याच्या महाविद्यालयात शिकवत असताना विद्यार्थ्यांना घेऊन मी समित्यांच्या कार्यालयात जात असे. विदर्भातल्याच एका समितीच्या व्हरांड्यात एक बाई बाकावर बसली होती. मांडीवर प्लास्टिकची पिशवी. तीत रेशनकार्ड, मुलाचं लसीकरणाचं कार्ड, आणि पोराचा लाल स्वेटर. ती मिरचीच्या सातऱ्यावर, म्हणजे मिरच्या निवडण्याच्या जागी, देठ खुडायला जायची. सहा वर्षांचा मुलगा मोठ्या बहिणीचा हात सुटून बाजारात हरवला, कुणा भल्या माणसाने मुलांच्या मदतीसाठीच्या १०९८ क्रमांकाला फोन केला, मुलगा बालगृहात पोचला. इथवर कुणाचंच काही चुकलं नव्हतं. मग आई-मुलाची भेट झाली आणि त्या भेटीची नोंद अहवालात झाली. 'आईने मुलाला जवळ घेतले नाही. भावनिक जवळीक कमी जाणवते.' ती बाई माझ्याकडे बघून म्हणाली, "ताई, मी कामावरूनच आली होती जी. हात कसे लावू त्याले? डोये जयले असते पोराचे." सातऱ्यावर दिवसभर बसलेल्या बाईचे हात साबणाने धुऊनही रात्रभर आग करतात. तिच्या घरी तान्ह्याला उचलण्याआधी हाताला तेल चोळायची रीत आहे. अहवाल लिहिणारी मुलगी शहरातली, तेवीस-चोवीस वर्षांची, प्रामाणिक होती. तिला हे ठाऊक असायचं कारण नव्हतं. पण ते विचारणारं, आणि आईचं उत्तर समितीपुढे ठेवणारं, त्या खोलीत कुणीच नव्हतं. आईला आत बोलावलं तेव्हा तिने फक्त हो-नाही एवढी उत्तरं दिली, कारण टेबलापलीकडे पाच माणसं होती आणि तिला वाटलं की आपण आरोपी आहोत.

मुलगा परत मिळायला साडेपाच महिने लागले. चोर पकडला गेला तर त्याला पहिल्या दिवशी काय मिळतं? १९८१ च्या खत्री खटल्यात, म्हणजे भागलपूरला पोलिसांनी कैद्यांना आंधळं केल्याच्या त्या भयंकर प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की गरीब आरोपीला सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा हक्क तो पहिल्यांदा दंडाधिकाऱ्यापुढे उभा राहतो तिथपासूनच सुरू होतो, आणि हा हक्क त्याला सांगणं हे दंडाधिकाऱ्याचं कर्तव्य आहे. आरोपीने मागितलं नाही म्हणून दिलं नाही, ही सबब चालणार नाही. म्हणजे मोबाईल चोरल्याच्या आरोपावरून धरलेल्या तरुणाला पहिल्या दिवशी वकील, आणि ते योग्यच आहे. पण जिचं मूल काढून घेतलं त्या आईला? तिच्यावर खटला नाही, तेव्हा ती आरोपी नाही. आरोपी नाही म्हणून तिच्या बाजूने बोलणारं कुणी नाही. कमी नुकसान होणाऱ्याला जास्त संरक्षण, असा हा उलटा न्याय आहे.

वाईट याचं वाटतं की यासाठी नवा कायदाही लागत नाही. बाल न्याय अधिनियमाच्या तिसऱ्या कलमातल्या तत्त्वांत नैसर्गिक न्यायाचं तत्त्व शब्दशः लिहिलं आहे: न्याय्य सुनावणीचा हक्क, पूर्वग्रहाला मज्जाव, फेरविचाराचा हक्क. संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय, हेही तिथेच आहे. समितीच्या आदेशाविरुद्ध ३० दिवसांत अपील करता येतं. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाच्या १२ व्या कलमाप्रमाणे कुठलीही स्त्री, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकिलाला पात्र आहे. बाप अनुसूचित जाती-जमातीचा असेल किंवा त्याचं उत्पन्न मर्यादेत असेल, तर तोही. म्हणजे त्या बाकावरच्या बाईला वकिलाचा हक्क होताच. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय तिथून रिक्षाने दहा मिनिटांवर होतं. तिला कुणी सांगितलं नाही, आणि सांगणं ही कुणाची नेमून दिलेली जबाबदारीही नव्हती.

आता समोरच्यांचा सगळ्यात भक्कम मुद्दा. घर हीच काही मुलांसाठी सर्वांत धोक्याची जागा असते. मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांत गुन्हेगार बहुतेकदा ओळखीचाच असतो, हे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडे वर्षानुवर्षं दाखवत आले आहेत. आई-बापाला वकील, नोटीस, तारीख देत बसलो आणि तेवढ्यात मूल गेलं तर? हा प्रश्न विचारणाऱ्यांना मी कधीच हसण्यावारी नेणार नाही. अशी मुलं मी पाहिली आहेत आणि ती आठवली की अजून झोप उडते. मुलाच्या जिवाला धोका दिसला तर त्याला त्याच क्षणी बाहेर काढलं पाहिजे. त्या क्षणी कुणाची परवानगी घेत बसू नये. माझा सगळा युक्तिवाद त्या क्षणानंतरच्या दिवसांबद्दल आहे.

या मुद्द्यासाठी दाखला नेहमी विलायतेचा दिला जातो, तर तोच नीट बघू. २००० साली लंडनमध्ये आठ वर्षांची व्हिक्टोरिया क्लिम्बी नात्यातल्या बाईच्या आणि तिच्या जोडीदाराच्या छळाने मेली. लॉर्ड लेमिंग यांच्या चौकशी अहवालाने निदान बारा प्रसंग दाखवले, जेव्हा तिला वाचवता आलं असतं. ती का वाचली नाही? पालकांची बाजू जास्त ऐकली गेली म्हणून? मुळीच नाही. अंगावरच्या खुणा खरजेच्या आहेत असं एका डॉक्टरने ठरवलं आणि ते मत पुढे कुणी तपासून पाहिलं नाही. फायली कामाखाली दबल्या होत्या. खुद्द मुलीशी बसून कुणी धड बोललंच नाही.

त्याच्या तेरा वर्षं आधीची गोष्ट नेमकी उलटी. १९८७ मध्ये इंग्लंडच्याच क्लीव्हलँड भागात दोन बालरोगतज्ज्ञांनी एका शारीरिक चाचणीच्या भरवशावर काही महिन्यांत १२१ मुलांवर लैंगिक अत्याचार झाल्याचं निदान केलं. मुलं घरातून काढली गेली, काहींना मध्यरात्री. पुढे त्यातली बहुतेक घरी परत गेली. न्यायमूर्ती एलिझाबेथ बटलर-स्लॉस यांच्या १९८८ च्या अहवालाने पालकांना आणि मुलांना कसं वागवलं गेलं यावर कडक ताशेरे ओढले आणि १९८९ च्या बाल अधिनियमात पालकांना आव्हान देण्याची वाट करून द्यावी लागली. यातल्या काही मुलांवर खरोखर अत्याचार झाले असणार. त्या गदारोळात त्यांचं दुःखही हरवलं. दोन्ही प्रकरणं शेजारी ठेवा. एकीकडे मूल घरात ठेवून मेलं, दुसरीकडे मुलं नाहक घराबाहेर गेली. पण चूक एकच: एका माणसाने काढलेला निष्कर्ष कुणी उलट तपासला नाही. ज्या व्यवस्थेत अहवालाला प्रश्न विचारणारं कुणी बसलेलं नसतं, ती व्यवस्था दोन्ही बाजूंनी चुकते. तिला अधिकार वाढवून दिले तर चुका जोरात होतील, आणि पैसा कापला तर त्याच चुका सावकाश होतील.

पैशाचा आणखी एक गुण आहे. तो जिकडे सहज वाहतो तिकडे निर्णय झुकतात, त्यासाठी माणसं भ्रष्ट असावी लागत नाहीत. अमेरिकेत १९८० च्या कायद्यानंतर पात्र मुलाला पालनगृहात ठेवलं की राज्याला केंद्राकडून खर्चाचा वाटा मिळत गेला, त्याला वरची मर्यादा नाही. कुटुंब मोडू नये म्हणून मदत करायला मात्र ठरावीक, तुटपुंजी रक्कम. १९९७ च्या कायद्याने आणखी एक पाऊल टाकलं. मूल २२ महिन्यांपैकी १५ महिने बाहेर राहिलं की आई-बापांचे हक्क संपवण्यासाठी अर्ज करणं राज्यांना काही अपवाद सोडून बंधनकारक झालं, आणि ठरलेल्या आकड्यापेक्षा जास्त दत्तकविधानं झाली की प्रत्येकामागे ४,००० डॉलर बक्षीस. हेतू चांगला होता, मुलांनी वर्षानुवर्षं लटकत राहू नये. पण ज्या बाईला व्यसनमुक्ती केंद्रात जागाच मिळत नव्हती, तिच्यावर घड्याळ मात्र चालू झालं. २०१८ मध्ये तिथल्या संसदेला कायदा बदलून तोच निधी कुटुंब टिकवण्याच्या सेवांसाठी थोडा मोकळा करावा लागला.

आपल्याकडे काय? कागदावर आपण बरं वळण घेतलं आहे, हे मान्य केलं पाहिजे. मिशन वात्सल्य या केंद्राच्या बालसंरक्षण योजनेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत कुटुंबात राहणाऱ्या मुलाच्या प्रायोजकत्वाची रक्कम दरमहा ४,००० रुपये झाली. महाराष्ट्राच्या बालसंगोपन योजनेत २०२३ पासून दरमहा २,२५० रुपये मिळतात. ती मुख्यतः अनाथ, एकल पालकांच्या आणि गंभीर आजाराने ग्रासलेल्या घरांतल्या मुलांसाठी आहे. चांगलं आहे, आणखी वाढावं. पण केंद्राच्या अर्थसंकल्पात मिशन वात्सल्यसाठी २०२२-२३ पासून सलग तीन वर्षं तोच आकडा होता, १,४७२ कोटी. महागाई वाढली, कामं वाढली, देशभरच्या मुलांसाठीची रक्कम हलली नाही. आणि संस्था ही अशी गोष्ट आहे की ती उभी असते, तिला भाडं, स्वयंपाकी, काळजीवाहक लागतातच. मुलाला तिथे पाठवायला एक सही पुरते. घरी ठेवून मदत सुरू करायला उत्पन्नाचा दाखला, बँकेचं खातं, गृहभेट, मंजुरी, मग पुढच्या निधीची वाट. कंत्राटावरच्या, पगार थकलेल्या कार्यकर्तीने संध्याकाळी सहा वाजता यातलं काय निवडावं?

याचा परिणाम किती मोठा असतो, हे सरकारी यंत्रणेनेच एकदा कबूल केलं आहे. सप्टेंबर २०२० मध्ये राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने महाराष्ट्रासह आठ राज्यांना पत्र लिहिलं: बालसंगोपन संस्थांमधली मुलं १०० दिवसांत कुटुंबात परत पाठवण्याचा प्रयत्न करा. तेव्हा देशभरात अशा संस्थांत सुमारे २ लाख ५६ हजार मुलं होती आणि त्यातली ७० टक्क्यांहून अधिक या आठ राज्यांत. माझा त्या घाईला विरोधच होता. शंभर दिवसांत मुलं घरी ढकलणं हे शंभर दिवसांत मुलं उचलण्याइतकंच आंधळं. पण त्या पत्रातून जो प्रश्न उठतो तो मोठा आहे. ज्यांना कुटुंब आहे अशी इतकी मुलं आत आलीच कशी? पर्यायी संगोपनाबद्दलच्या २००९ च्या संयुक्त राष्ट्रांच्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट म्हटलं आहे की निव्वळ आर्थिक गरिबी हे मूल काढून घेण्याचं कारण कधीच असू नये. ती मदतीची गरज असल्याची खूण समजावी.

हे आपल्या इतिहासात नवं असतं तर मी इतकी अस्वस्थ झाले नसते. १८७१ मध्ये इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा केला. १९११ च्या सुधारित कायद्यात एक कलम होतं: अशा जमातींच्या सहा ते अठरा वर्षांच्या मुलांना आई-बापांपासून वेगळं करून सुधारगृहवजा शाळांत ठेवण्याचा अधिकार सरकारला. आई-बापाने प्रत्यक्ष काही केलंय की नाही याचा पुरावा लागत नव्हता; जन्म पुरेसा होता. तेव्हाही भाषा मुलाच्या भल्याचीच होती. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला. विदर्भात ज्यांच्या आजे-पणजांनी तो भोगला, त्या फासेपारधी आणि इतर विमुक्त घरांतल्या मुलांना आपण आज चौकात बघतो. मार्च २०२३ मध्ये नागपुरात सी-२० या जी-२० शी जोडलेल्या नागरी संस्थांच्या परिषदेची तयारी चालू होती, भिंती रंगत होत्या, झाडांवर दिवे चढत होते, आणि पोलिसांनी कलम १४४ खाली सार्वजनिक ठिकाणी भीक मागण्यावर बंदी घातली. माझ्या रोजच्या वाटेवरच्या चौकात उड्डाणपुलाखाली राहणारी दोन कुटुंबं त्या आठवड्यात दिसेनाशी झाली. त्यातली एक मुलगी महापालिकेच्या शाळेत जायला लागली होती. ती कुठे गेली, कोणत्या शाळेत बसते, हे मला अजून कळलेलं नाही. शहर स्वच्छ करण्याची इच्छा आणि मूल वाचवण्याची इच्छा यांची सरमिसळ झाली की त्या मिश्रणाला प्रश्न विचारणारा माणूस खोलीत असावाच लागतो.

परदेशातल्या प्रकरणांत आपल्याला हे सगळं बरोबर कळतं. २०११ मध्ये नॉर्वेत एका बंगाली जोडप्याची दोन मुलं बालकल्याण खात्याने घेतली, तेव्हा दिल्लीने राजनैतिक पातळीवर दाद मागितली आणि २०१२ मध्ये मुलं काकाच्या ताब्यात भारतात आली. सप्टेंबर २०२१ मध्ये बर्लिनला एका गुजराती जोडप्याची सात महिन्यांची मुलगी घेतली गेली. आई-बापावरची फौजदारी चौकशी आरोपपत्राशिवाय बंद झाली, तरी मूल परत मिळालं नाही. जून २०२३ मध्ये आपल्या १९ पक्षांच्या ५९ खासदारांनी जर्मन राजदूतांना पत्र लिहिलं. मूल भाषेपासून तुटतंय, आई-बापांना नीट ऐकून घेतलं नाही, हीच तक्रार. मी त्या पत्राच्या बाजूची आहे. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाच्या महापीठानेही सप्टेंबर २०१९ मध्ये एका प्रकरणात नॉर्वेला दोषी धरलं होतं, कारण मुलाला दत्तक देताना जन्मदात्या आईची आणि कुटुंबाची बाजू पुरेशी तोलली गेली नव्हती. मग बालाघाटहून वीटभट्टीवर आलेल्या, घरी गोंडी बोलणाऱ्या आईचं मूल आपल्या बालगृहात असतं तेव्हा भाषा तुटत नाही का? तिच्या गावी तपासणी व्हावी म्हणून दुसऱ्या राज्यातल्या जिल्ह्याला पत्र जातं आणि उत्तराची वाट बघण्यात महिने जातात, तेव्हा तिच्यासाठी कोणता खासदार पत्र लिहितो?

उरला एक आक्षेप, आणि तो मी समितीच्या सदस्यांकडूनच ऐकला आहे. वकील आले की समितीचं कोर्ट होईल, तारखांवर तारखा पडतील, भोग मुलाच्या वाट्याला येतील. ही भीती अनाठायी नाही. आपल्या न्यायालयांचा अनुभव कुणाला नाही? पण वकील कसा आणि केव्हा मिळतो यावर सगळं अवलंबून आहे. न्यूयॉर्क शहराने २००७ नंतर अशा पालकांसाठी वेगळ्या संस्था नेमल्या. तिथे वकिलासोबत समाजकार्यकर्ती असते, आणि याच चक्रातून गेलेला एखादा पालकही मदतीला असतो. २०१४ पर्यंतच्या ९,५८२ कुटुंबांचा आणि २८ हजारांवर मुलांचा अभ्यास झाला. एकट्या नेमलेल्या वकिलांच्या तुलनेत या पथकांकडे गेलेल्या कुटुंबांची मुलं पहिल्या चार वर्षांत सरासरी ११८ दिवस कमी बाहेर राहिली. आणि मुलांच्या सुरक्षिततेत? काही फरक पडला नाही. घरी परतल्यावर पुन्हा छळ झाल्याच्या तक्रारी वाढल्या नाहीत. उशीर व्हायचा तो कागद न मिळाल्याने, पत्ता न सापडल्याने, आईला पुढची पायरी न कळल्याने होतो. जाणकार माणूस तो उशीर कापतो. सातऱ्यावरच्या त्या बाईच्या साडेपाच महिन्यांतले चार महिने मुलाच्या जन्माच्या दाखल्यातल्या नावाच्या फरकापायी गेले होते.

यंत्रणेतल्या माणसांबद्दल दोन शब्द लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही, कारण दुसऱ्या तटावरचे लोक त्यांना मुलं पळवणारे म्हणतात आणि ते ऐकवत नाही. जिल्हा बाल संरक्षण कक्ष म्हणजे डझनभर माणसं, तीही बहुतांशी कंत्राटी. २०११ च्या जनगणनेत नागपूर जिल्ह्याची लोकसंख्या ४६ लाखांवर होती. नरखेडपासून कुहीपर्यंत गृहभेटी, न्यायालय, पोलीस ठाणी, बालविवाहाच्या तक्रारी, संस्थांच्या तपासण्या, सगळं याच माणसांकडे. माझ्या विद्यार्थिनी तिथे काम करतात. एकीने मला सांगितलं, "मॅडम, पंधरा दिवसांत अहवाल द्यायचा असतो आणि माझ्याकडे गाडीच नाही." तिला दोष देऊन कुणाचं भलं होणार आहे? कक्षात एक विधी तथा परिविक्षा अधिकारी असतो, पण तो यंत्रणेचा, तिच्याच अहवालावर तो आईच्या वतीने हरकत कशी घेणार? म्हणून पैसा कापा म्हणणारे माझ्या मते सगळ्यात मोठं नुकसान करतात. निधी आटला की संस्थेचा दरवाजा बंद होत नाही. बंद होतात त्या गृहभेटी.

मागणी फार मोठी नाही. मूल पहिल्यांदा समितीपुढे येईल त्याच दिवशी आई-बापांना मराठी, हिंदी किंवा त्यांच्या भाषेत एक पानी सूचना मिळावी: मूल कुठे आहे, का नेलं, भेट केव्हा, वकील कुठे, अपील कसं. खत्री खटल्यातल्या दंडाधिकाऱ्यासारखं समितीनेही हा हक्क तोंडाने सांगावा आणि सांगितल्याची नोंद करावी. सामाजिक तपासणी अहवाल पालकांना वाचून दाखवावा आणि त्यावरचं त्यांचं म्हणणं त्याच फायलीत लागावं. भेटीला येण्यासाठी बसभाडं आणि बुडालेली मजुरी मिळावी. मूल एका गावात आणि आई दुसऱ्या गावात असली की 'आई भेटायला येत नाही' असा शेरा पडायला वेळ लागत नाही. आणि वर्षअखेरीला 'किती मुलं सोडवली' हा आकडा छापण्याऐवजी किती मुलं घरी परतली आणि वर्षभराने ती तिथे सुखरूप आहेत का, ते मोजावं.

यासाठी दिल्लीची वाट बघत बसायची गरज नाही. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने २०२२ पासून फौजदारी प्रकरणांसाठी पूर्णवेळ बचाव वकिलांची पद्धत जिल्ह्याजिल्ह्यांत आणली आहे. तीत समितीच्या बैठकींसाठी एक वकील जोडणं हा प्रशासकीय निर्णय आहे. राज्य सरकारने २०२१ मध्ये जिल्हा वार्षिक योजनेतला तीन टक्के निधी महिला व बालविकासासाठी राखून ठेवायचं ठरवलं. नागपूरच्या जिल्हा नियोजन समितीची पुढची बैठक होईल तेव्हा त्या तीन टक्क्यांतून एक टेबल, दोन खुर्च्या, एक वकील आणि एक समाजकार्यकर्ती एवढ्याची तरतूद मागावी, असं पत्र मी आणि माझ्या काही विद्यार्थिनींनी तयार केलं आहे. टेबल व्हरांड्यात ठेवायचं, त्या बाकाच्या शेजारी, आणि समिती ज्या दिवशी बसेल त्या दिवशी सकाळी दहा वाजल्यापासून तिथे कुणीतरी बसलेलं असायचं.